५८० मतांचा हिशेब



२००९ ची विधानसभेची निवडणूक झाली. १३ ऑक्टोबरला आपण बोटाला शाई लावून घेतली, २२ ऑक्टोबरला मशीनं उघडली. पाटणचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. बसलेले आमदार शंभूराज देसाई पडले आणि विक्रमसिंह पाटणकर निवडून आले. धनुष्यबाण गेला, घड्याळ आलं. फरक किती? ५८० मतांचा.

गुलाल उधळून झाला, मिरवणुका झाल्या. महिना उलटला. ज्याच्या त्याच्या तोंडी तरी एकच गोष्ट होती, कुणी कुणाला पाडलं. एसटीत तेच, दूध डेअरीवर तेच, बाजारात तेच. आम्हाला या अंकात दुसरी गोष्ट बोलायची आहे. ५८० मतांचा हिशेब जंगलातल्या वाडीनं कसा मांडायचा, ही ती गोष्ट.

साधी बेरीज करू. एका बूथच्या यादीत हजार-बाराशे नावं असतात. म्हणजे आख्ख्या तालुक्याचा आमदार एका बूथच्या निम्म्या मतांनी ठरला. आणखी बारीक बघा. त्या बाजूची २९१ माणसं ह्या बाजूला गेली असती तर निकाल उलटा लागला असता. २९१ माणसं म्हणजे किती? उंबऱ्याला तीन मतं धरली तर शंभर उंबऱ्यांच्या आत. डोंगरावरच्या दोन-तीन वाड्या एकत्र आल्या की एवढी माणसं होतात. आपली लग्नाची पंगतसुद्धा ह्याच्यापेक्षा मोठी बसते.

आता कुणी म्हणेल, मग आपणच आमदार ठरवला की! तर नाही. आपण ठरवला असता तर आपल्या दारात कुणीतरी विचारायला आलं असतं की बाबा, तुमच्या वनहक्काच्या दाव्यांचं काय झालं. कुणी आलं का? प्रचाराच्या जीपा वाडीच्या खाली, जिथं डांबर संपतं तिथं थांबल्या. पत्रकं वाटली, कारभाऱ्याला बाजूला घेतलं, चहा झाला, जीप गेली. हे ह्याच निवडणुकीत झालं असं नाही आणि एकाच चिन्हाच्या जीपेनं केलं असंही नाही. म्हातारी माणसं सांगतात, बैलजोडीच्या चिन्हाच्या काळापासून असंच चाललंय.

मग जिथं पाचशे-सहाशे मतांवर आमदारकी हलली, तिथं आपल्याला कुणी विचारत का नाही? ह्याचं उत्तर आपल्यातच आहे. ते जरा कडू आहे, पण लिहितो.

पाटणची आमदारकी दोन घरांमध्ये फिरत आली. बाळासाहेब देसाई राज्याचे गृहमंत्री होते, शंभूराज देसाई त्यांचे नातू. विक्रमसिंह पाटणकर २००४ च्या आधी वीसेक वर्षं आमदार होते, मंत्रीही होते. २००४ ला देसाईंनी पाटणकरांना पाडलं, २००९ ला पाटणकरांनी देसाईंना पाडलं. शेजारी सांगली जिल्ह्यात शिराळ्यालाही बसलेले आमदार शिवाजीराव नाईक २००९ ला पडले आणि मानसिंगराव नाईक आले. म्हणजे चांदोलीच्या ह्या अंगाला आणि त्या अंगाला, दोन्हीकडं लोकांनी खुर्चीवरचा माणूस बदलला. ह्या डोंगरपट्ट्यात कुणाचीही खुर्ची पक्की नाही, हे निकालानं दाखवून दिलं.

खुर्ची पक्की नसलेला माणूस मतांची मोजणी रोज करतो. कुठलं गाव आपलं, कुठलं त्यांचं, कुठलं अधलंमधलं. अधल्यामधल्या गावाला तो जपतो. तिथं पाण्याची टाकी होते, तिथं सभामंडप होतो. जे गाव आपलंच आहे तिथं काही दिलं नाही तरी चालतं, कारण ते जाणार कुठं. जे गाव त्यांचंच आहे तिथं काही देऊन उपयोग नाही, कारण ते येणार कुठं. आपल्या वाड्यांचं नेमकं हेच झालंय. अर्धी वाडी देसाई गटाची, अर्धी पाटणकर गटाची. आजा ज्या गटात होता त्याच गटात नातू. एका घराचा दुसऱ्या घराशी बांधावरून वाद झाला, तर एक ह्या गटात गेला म्हणून दुसरा त्या गटात. सोसायटीत गट, दूध संस्थेत गट, देवाच्या जत्रेतसुद्धा गट. मतं आधीच वाटून ठेवलेली. मग आपल्याला विचारायचं कशाला? आपण मत देतो, पण मतासोबत मागणं देत नाही. बिनमागण्याचं मत मशीनमध्ये मोजलं जातं, पण पुढाऱ्याच्या डोक्यात त्याची नोंद राहत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला पाहिजे. महाराष्ट्राच्या विधानसभेत आदिवासींसाठी २५ जागा राखीव आहेत. त्यातली एकही सातारा-सांगलीत नाही. नंदुरबारला, पालघरकडं, गडचिरोलीला आदिवासीची संख्या जास्त, म्हणून तिथं उमेदवारच आदिवासी असतो. इथं आपण थोडे. कातकरी थोडे, तेही दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. गवळी-धनगरांचे वाडे डोंगराच्या माथ्यावर. कोयनेच्या धरणात जमिनी गेल्यावर खाली न जाता वर रानात सरकलेले कुणबी आणखी वेगळे. प्रत्येकजण एकेकटा मोजला तर थोडाच. सगळे मिळून मोजले तर ५८० पेक्षा किती तरी जास्त. म्हणून संघटना पहिल्यापासून सांगते की जंगलावर जगणाऱ्यांची जात वेगळी असेल, दाखला वेगळा असेल, पण दावा एकत्र टाका आणि मागणंही एकत्र करा.

आता मुद्द्यावर येऊ. आमदाराकडं काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हा तो मुद्दा.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. त्यानंतर आपल्या बऱ्याच वाड्यांनी दावे टाकले. २००९ च्या प्रचारात ठिकठिकाणी कानावर आलं, "आम्हाला निवडून द्या, तुम्हाला पट्टे देतो." हे बोलणं कोण बोललं ते सोडा. हे बोलणंच खोटं आहे, एवढं समजून घ्या. कायद्यात पट्टा आमदार देत नाही. दावा आधी ग्रामसभेकडं जातो. ग्रामसभेची वनहक्क समिती, दहा ते पंधरा माणसांची, ती जागेवर जाऊन पाहते, पुरावे बघते, नकाशा करते. मग ग्रामसभा ठराव करते. तिथून दावा प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं, तिथून कलेक्टरसाहेबांच्या जिल्हा समितीकडं. जिल्हा समितीचा निर्णय शेवटचा. ह्या तिन्ही पायऱ्यांवर आमदाराला कुठंही खुर्ची नाही. सही नाही, शिक्का नाही.

म्हणून पट्ट्यासाठी आमदाराच्या दारात जाऊन हात जोडायचे नाहीत. जे आपलं आहे ते दान म्हणून मागितलं की देणारा मोठा होतो आणि आपण लहान. आपल्या आज्या-पणज्यांनी नाचणी-वरी पिकवलेली जमीन आहे ती. कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारनं कबूल केलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. अन्याय दुरुस्त करणं म्हणजे उपकार नव्हे.

पण इथं थांबलो तर अर्धंच समजलं असं होईल. आमदाराला खुर्ची नसली तरी त्याच्या गटाला आहे. उपविभागीय समितीवर आणि जिल्हा समितीवर प्रत्येकी तीन सदस्य जिल्हा परिषदेनं नेमायचे असतात, त्यातले निदान दोन आदिवासी पाहिजेत. जिल्हा परिषद कुणाच्या हातात असते? गटांच्याच. मग आपण विचारायचं की आमच्या प्रांतांच्या समितीवर हे तीन जण कोण आहेत? त्यातले आदिवासी कोण? ते शेवटच्या बैठकीला हजर होते का? हा प्रश्न निवडून आलेल्याला विचारा आणि पडलेल्यालाही विचारा. पडलेल्याचीही माणसं जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत बसलेली असतात. आणि तो पाच वर्षांनी पुन्हा येतो. ५८० मतांनी पडलेला माणूस घरी झोपत नाही.

आमदार करू शकतो अशी कामं कुठली, ती आता सांगतो. ह्या वाचून ठेवा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

पहिलं काम रस्त्याचं, शाळेचं, पाण्याचं. वर्षानुवर्षं आपल्याला सांगतात की रस्ता करता येत नाही, फॉरेस्ट आडवं येतं. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा प्रकारच्या सोयी लिहिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याचं पाणी, छोटे तलाव, रस्ता, समाजमंदिर अशा. अशा एकेका कामासाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. अट एकच, ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे चावी आपल्या हातात आहे. ग्रामसभेनं ठराव करायचा आणि तो ठराव आमदाराच्या हातात द्यायचा. सांगायचं की जमिनीची अडचण आम्ही सोडवली, आता पैशाचं तुम्ही बघा. आमदार फंड आहे, जिल्ह्याची योजना आहे. "फॉरेस्ट आडवं येतं" हे कारण आता चालणार नाही.

दुसरं काम ग्रामसभेचं. आपला सगळ्यात मोठा अडसर इथं आहे. २०१२ पर्यंत नियम म्हणायचा, वनहक्काच्या ग्रामसभेला दोनतृतीयांश माणसं हजर पाहिजेत. पण ग्रामपंचायत खाली मोठ्या गावात आणि आपली वाडी तीन कोसावर वर. मोठ्या गावातल्या लोकांना जंगलाशी घेणंदेणं नाही, ते ग्रामसभेला येत नाहीत, कोरम भरत नाही आणि आपले दावे पडून राहतात. आपलं मागणं असं की वाडीची ग्रामसभा वाडीतच भरू द्या. ह्यासाठी विधानसभेत प्रश्न विचारता येतो, मंत्र्यांकडं बैठक लावता येते. हे काम आमदाराचंच आहे, ते दुसरं कुणी करू शकत नाही.

तिसरं काम दाखल्यांचं. कातकऱ्याला आदिम जमात म्हणून सरकारनं मान्यता दिली आहे, पण त्याच कातकऱ्याला जातीचा दाखला मिळवायला १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. १९५० साली आपला आजा शाळेत गेला होता का? त्याच्या नावावर सातबारा होता का? कोळसा पाडत, भट्टी लावत ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर फिरणाऱ्या माणसाचा कागद कुठनं आणायचा? आदिवासी विकास प्रकल्पाचं आपलं कार्यालय घोडेगावला, पुणे जिल्ह्यात. तिथपर्यंत जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि भाडं वेगळं. दाखल्यांचं शिबिर वाडीच्या जवळ लावा, गृहचौकशी करा, हे आमदारानं तहसीलदारांना आणि प्रांतांना सांगायचं. हे अवघड काम नाही. मनावर घेतलं तर महिन्याभरात होतं.

चौथं काम वाघाचं. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून व्याघ्र प्रकल्प होणार असं २००९ साली चाललं होतं. वाघाला आमचा विरोध नाही. वाघ आमचा देव आहे, वाघोबाला आम्ही नैवेद्य दाखवतो. पण वाघाच्या नावावर माणूस हाकलायचा, हे आम्ही एकदा पाहिलंय. चांदोलीतून उठवलेल्या गावांना विचारा, पुनर्वसनाच्या वसाहतीत किती हाल काढले. कायदा सांगतो, दाव्याची तपासणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येणार नाही. आणि हक्क मान्य झाल्यावरही ग्रामसभेची लेखी, समजून-उमजून दिलेली संमती घेतल्याशिवाय उठवता येणार नाही. आमदारानं जाहीरपणे सांगावं की ह्या दोन गोष्टी पाळल्या जातील. पाटणच्याही आणि शिराळ्याच्याही. गप्प बसले तर आम्ही समजू की काय ठरलंय ते.

आता आपल्या बाजूची कामं. सगळं त्यांच्यावर ढकलून चालणार नाही.

मतदार यादी बघा. २००९ च्या निवडणुकीत कितीतरी जणांची नावं सापडली नाहीत. भट्टीवर जाणारी, ऊस तोडायला जाणारी माणसं सहा-सहा महिने घरी नसतात. यादी तपासायला माणूस येतो, घराला कडी दिसते, "स्थलांतरित" असा शेरा मारून नाव उडवतो. नाव उडालं म्हणजे फक्त मत गेलं असं समजू नका. वनहक्काच्या नियमात जे पुरावे चालतात, त्यात मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती ही आहेत. यादीत नाव असणं म्हणजे आपण इथं राहतो ह्याचा सरकारनंच लिहून दिलेला कागद. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो हे आदिवासीला दाखवायचं असतं. तेव्हाच्या यादीत वाडीच्या नावाखाली तुमचं नाव असेल तर तिची नक्कल काढून दाव्याला जोडा. जे नाव उडवून टाकतात ते दावाही कमजोर करतात, मग ते जाणूनबुजून करोत की आळसानं. ज्यांची नावं नाहीत त्यांनी नमुना ६ चा फॉर्म भरा. भट्टीवर निघायच्या आधी भरा.

धनगर आणि कुणबी भावांना वेगळं सांगायचंय. तुम्हाला कायद्यात तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं जंगलात राहिल्याचं दाखवावं लागतं. धरणानं तुम्हाला एकदा हलवलं, १९६७ च्या भूकंपानं घरं पाडली, म्हणून एकाच जागेवर ७५ वर्षं कुणाचीच निघत नाहीत. आमचं म्हणणं असं की कायद्यात ७५ वर्षं जंगलात राहण्याची आहेत, एकाच तुकड्यावर बसण्याची नाहीत. धरणानं हलवलं म्हणून माणूस जंगलाचा परका होत नाही. गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब लिहून घ्या. तोही पुरावा म्हणून नियमात आहे. म्हातारी माणसं आज आहेत, उद्या असतील का सांगता येत नाही.

बाईच्या मताचंही बोललं पाहिजे. पुष्कळ घरांत बाईचं मत कारभारी ठरवतो आणि कारभाऱ्याचं मत गट ठरवतो. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, असं कायद्यातच आहे. वनहक्क समितीत निदान एकतृतीयांश बाया पाहिजेत, तेही कायद्यात आहे. जमिनीच्या कागदावर जिचं नाव आहे तिचं मत दुसऱ्यानं का ठरवायचं? शेवटी पाण्याला तीच जाते, सरपणाला तीच जाते. गार्डनं कोयता काढून घेतला तर तिचाच जातो. काय मागायचं ते तिला जास्त कळतं.

आणि पाकिटाचं. त्यावर न लिहिता पुढं गेलो तर तुम्हीच आम्हाला हसाल. मत द्यायच्या आदल्या रात्री पाचशेची नोट येते, कुठं बाटली येते. घरात मीठ-मिरची नसेल तर नोट परत करा म्हणणं सोपं आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण हिशेब करा. पाच वर्षांचे दिवस १८२५. पाचशेला १८२५ नं भागा. दिवसाला सत्तावीस पैसे आले. सत्तावीस पैशांत आज काडेपेटीसुद्धा मिळत नाही. आणि नोट घेतली की पाच वर्षं तोंड उघडायची सोय राहत नाही, कारण "तुझे पैसे तुला पोचले" असं म्हणायला तो मोकळा.

काही वाड्यांतली तरणी पोरं म्हणतात, मतदानावरच बहिष्कार टाकू. राग समजतो. पण जिथं ५८० मतांनी निकाल लागला तिथं आपण घरी बसलो तर कुणाचं नुकसान होतं? जो गट आपल्याला मोजत नव्हता त्याचं काम सोपंच होतं. काहीजण म्हणतात, आपलाच माणूस उभा करू. करू, वेळ आली की. पण आधी ग्रामपंचायतीत, वनहक्क समितीत आपली माणसं बसवून दाखवू. तिथं कोरम भरत नसेल तर विधानसभेला अनामत रक्कम कशासाठी भरायची? आणखी काहीजण भितात की गटाच्या विरोधात बोललो तर असलेली कामंही अडवतील. त्यांना आम्ही विचारतो, असलेली कामं कुठली? यादी करा. यादी करायला बसलात की कळेल, अडवण्यासारखं फारसं काही दिलेलंच नाही.

आम्ही कुणाला मत द्या हे सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नाही. कुणी घड्याळाला दिलं असेल, कुणी धनुष्यबाणाला, ते ज्याचं त्याच्यापाशी. संघटना कुठल्या गटाची नाही म्हणूनच दोन्ही गटांच्या घरांत तिचा अंक वाचला जातो. पण मत दिल्यानंतर पाच वर्षं काय करायचं, हे आम्ही सांगणार. निवडणूक एक दिवसाची असते. उरलेले १८२४ दिवस आपले आहेत आणि मागण्याचं काम त्या दिवसांत करायचं असतं.

गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे. त्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मंजूर झाला. ते काही मोठं गाव नाही. आपल्या एखाद्या वाडीएवढीच वस्ती. तिथं कुठल्या पुढाऱ्यानं येऊन हक्क वाटला नाही. गाव वर्षानुवर्षं एकत्र बसत आलं, सगळ्यांच्या संमतीनं निर्णय करत आलं, जंगल राखत आलं, आणि कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. तिथल्या आमदाराचं नाव आम्हाला माहीत नाही, पण गावाचं नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडंही शिकेकाई, हिरडा, मध, करवंदं ह्या सगळ्यावर सामूहिक दावा करता येतो. वैयक्तिक दावे टाकले म्हणून सामूहिक दावा राहून गेला असं करू नका.

तर ठरवू या. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. त्याच्या आत प्रत्येक वाडीनं बसायचं. दोन्ही गटांच्या माणसांनी एकाच पारावर बसायचं. गट घरी ठेवून या, चपलांसारखा. तीन कागद तयार करायचे. एक, आपल्या वाडीतून किती दावे गेले, किती अडकले, कुठल्या पायरीवर अडकले. दोन, कलम ३(२) खाली आपल्याला पहिली सोय कुठली पाहिजे, एकच निवडा. तीन, मतदार यादीतून उडालेली नावं. हे तीन कागद ग्रामसभेत ठराव करून इतिवृत्तात चढवायचे. ग्रामपंचायतीकडून नक्कल घ्यायची, सही-शिक्क्यासकट. मग एकेक नक्कल निवडून आलेल्याला, एकेक पडलेल्याला, एक प्रांतांना आणि एक संघटनेला. पोचपावती घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही.

पुढाऱ्यानं विचारलं की तुम्ही कुणाचे, तर सांगायचं की आम्ही ह्या ठरावाचे. जो ठरावाचं काम करील त्याचं पाच वर्षांनी बघू. तोपर्यंत आम्ही अधलेमधले. आणि एवढं लक्षात ठेवा की ज्या तालुक्यात ५८० मतांवर आमदार ठरला, त्या तालुक्यात अधलंमधलं असणं ही आपली ताकद आहे. ती फुकट घालवू नका, विकूही नका.

अंक वाचून झाला की घडी घालून खुंटीला अडकवू नका. पुढच्या वाडीला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

जोहार!